साखरेचं गेट

मामा, तुमच्या पातेल्यातली वाळू आम्ही अजून टाकलेली नाही. मामी पातेलं उचलून अंगणापर्यंत नेतात आणि परत आणून स्टोव्हच्या कोपऱ्यात ठेवतात. गोदावरीच्या पात्रातून तुम्ही आणली तेव्हा ती वाळू पिवळसर होती म्हणे. आता काळीभोर झाली आहे, आणि तिला गुळाचा, जळक्या लोण्याचा आणि थोडासा रॉकेलचा वास आहे. काल मामी म्हणाल्या, "गंगेला परत द्यावी म्हणलं, तर इतकी काळी करून कशी द्यायची?" मला त्या वासाजवळ थोडा वेळ बसायचं होतं.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, तेव्हा मीच बोलणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं. मी "माझे मामा" एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं रडू आलं. तसं नव्हतं. माझ्या आधी जे बोलले ते तुमच्या सरळपणाबद्दल बोलले, एसटी डेपोतल्या फिटरच्या नोकरीबद्दल बोलले. एकानं "त्यांना केक करण्याचाही छंद होता" असं म्हटलं, आणि दोन-चार जण हसले. त्या हसण्यानंतर मला काय सांगावं ते सुचेना. म्हणून आता लिहायला बसले आहे. मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही. तुम्हाला वाचून दाखवून मग दुरुस्त करायची सवय मोडायला वेळ लागेल.

तुम्हाला केक कुणी शिकवला असं कोणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "एसटीनं." एका साहेबांच्या निरोप समारंभाला औरंगाबादहून केक मागवला होता. तो ड्रायव्हरच्या शेजारी, बॉनेटवर बसून आला. दिवस उन्हाळ्याचे आणि खाली तापलेलं इंजिन. खोका उघडला तेव्हा आत गुलाबी चिखल होता. साहेबांसमोर तो ठेवता येईना, म्हणून खोका वर्कशॉपमध्ये फिटर लोकांकडे आला. बाकीच्यांनी तो चाटूनपुसून संपवला. तुम्ही बोटावर थोडा घेऊन बघत राहिलात. "ह्यो फुगला कशानं? अन् फुगल्यावर त्याला धरून कोण ठिवलं?" हे तुम्ही त्या दिवशी विचारायला लागलात ते शेवटपर्यंत विचारत होतात.

तुमचा पहिला केक मी खाल्लेला आहे. मी तेव्हा शाळेत होते आणि सुट्टीत आईबरोबर गंगाखेडला आले होते. घरात खायचा सोडा नव्हता. पापडखारानंही फुगतं, एवढा विचार करून तुम्ही मामींच्या डब्यातला पापडखार घातलात. केक फुगला, पण हळद कालवल्यासारखा पिवळा पडला, आणि चव साबणाची. आई म्हणाली, "दादा, ह्याचे पापड लाटले असते तर खाल्ले तरी असते." तुम्ही दुसरा घास घेतलात, तिसराही घेतलात, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "फुगला तर हाय."

पुढे अकरावीला मी तुमच्याकडेच राहायला आले, कारण आमच्या पाथरीकडच्या खेड्यातून रोजचं येणं-जाणं होत नव्हतं. तोवर तुमच्या स्टोव्हच्या कोपऱ्याचं छोटं वर्कशॉप झालं होतं. चाकातलं झिजलेलं बेअरिंग लाकडावर ठोकून त्यावर तुम्ही ताट बसवलं होतं. एका बोटानं ते गुळगुळीत फिरायचं आणि केकवर लोणी सारखं पसरायचं. पितळी नळीचे तुकडे कापून, तीनधारी कानशीनं त्यांच्या तोंडाला दाते पाडले होते. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून त्यात तो तुकडा बसवला, की साखर फेसलेल्या लोण्याची फुलं पडायची. रंग बीटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा. तुमच्या नखांत ग्रीस असायचं म्हणून मामी आधी लिंबानं हात घासायला लावायच्या. त्या म्हणायच्या, "गाडीचं काम करून येतेत अन् घरी येऊन केकाची गाडी खोलून बसतेत."

भाजणं मात्र त्या पातेल्यातच. खाली वाळू, वाळूत तिवई, त्यावर केकचा डबा, झाकणावर निखारे. एकदा तुम्ही भट्टीवाल्या चाचांकडे डबा घेऊन गेलात. दिवाळीला अर्धं गाव ज्यांच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणतं, ते चाचा. पाव निघाल्याबरोबर डबा आत गेला. बाहेर आला तो वरून कोळसा आणि आतून कच्चं पीठ. चाचांनी लांब फळीवर तो डबा तोलून धरला आणि म्हणाले, "फिटर साब, ये तो सायलेन्सर बन गया." तुम्ही दोघं किती हसलात. घरी येऊन तुम्ही परत वाळू चाळायला घेतलीत.

स्टोव्ह पेटलेला असला की तुम्ही जागचे हलायचा नाहीत. कोणी दारात आलं तरी बसल्या जागेवरून बोलायचात. मला आधी वाटायचं, केकची काळजी. मग मामी एकदा हळू आवाजात म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तरपासून पेटतं सोडून कुटंच जात न्हाईत." त्या वर्षी तुमच्या मूळ गावात आपल्या वस्तीतली घरं जळाली, त्यात तुमचं होतं. त्यानंतर तुम्ही गंगाखेडला भाड्याच्या दोन खोल्यांत आलात. जळालेल्या घराबद्दल तुम्ही माझ्याशी कधी बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. तुम्हाला ते सांगायचं होतं का, हे मला आता कुठूनच कळणार नाही.

चवी किती केल्यात मामा तुम्ही. करडईच्या तेलाचा केक झाला, त्याला भज्यांचा वास. ज्वारीच्या पिठाचा झाला, तो कापताना वाळूसारखा ढासळला. सुंठ आणि गुळाचा चांगला झाला, आणि तो चांगला झाल्याबरोबर तुमचं त्यातलं लक्ष उडालं. सीताफळानं तर तुम्हाला छळलंच. गर पिठात घालून भाजला की कडू व्हायचा. दर वर्षी सीताफळं आली की तुम्ही बिया काढत बसायचात, आणि दर वर्षी तो केक आम्ही पाणी पिऊन गिळायचो.

जमायला लागल्यावर तुम्ही केक डेपोत न्यायला लागलात, आणि तिथून आपला वाद सुरू झाला. बरेच जण खायचे. तुमच्या हेड मेकॅनिकना मात्र त्या दिवशी उपास असायचा. तुम्ही वार बदलून नेलात तर त्यांना अंड्याची अडचण आली. तुम्ही अंड्याऐवजी दही घालून, कितीतरी केक बसके काढून, शेवटी एक जमवलात आणि घेऊन गेलात, तर त्यांचं पोट बिघडलेलं होतं. मी चिडले. मी म्हणाले, कामून नेता तुम्ही? त्यांना केकचा उपास नाही, तुमच्या हाताचा आहे.

तुम्ही ताट फिरवत होतात, ते थांबवलं नाही. "कळतंय की माय मला. पर उपास कदी ना कदी सोडावा लागतो माणसाला."

"ते सोडणार नाहीत, मामा."

"मग आपून चूल बंद ठिवायची का?"

तुमचं बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. अजून वाटत नाही.

गेटचं आता लिहिते. हे मला सगळ्यांत अवघड जाणार आहे.

अठ्ठ्याहत्तरला औरंगाबादच्या विद्यापीठाला ते नाव द्यायचा ठराव झाला आणि आपल्या भागात आगी लागल्या, तेव्हा मी पहिलीत होते. मी शिकले ती ज्यांच्यामुळे, त्यांचं ते नाव. पुढे माझी शाळा संपली, कॉलेज सुरू झालं, आणि प्रश्न तिथेच राहिला. कॉलेजच्या भिंतीवर सकाळी नाव लिहिलेलं दिसायचं आणि दुपारपर्यंत त्यावर चुना फासलेला असायचा. एसटीच्या गाड्यांवरही दोन्ही बाजूंच्या घोषणा लिहिलेल्या यायच्या. त्या पुसायचं काम पाळीनं तुमच्याकडे यायचं. रॉकेलचा बोळा घेऊन तुम्ही विरोधाच्या घोषणा पुसायचात, आणि त्याच बोळ्यानं ते नावही पुसायचात. गाडी स्वच्छ करून मार्गाला लावायची, एवढाच हुकूम होता, आणि तो सगळ्या फिटर लोकांना सारखाच होता. त्या दिवशी घरी आलात की तुम्ही केकला हात लावायचा नाहीत.

विद्यापीठ तुम्ही एकदाच पाहिलं होतं, मोर्चाला गेला होतात तेव्हा, आणि तेही गेटपर्यंत. दोन खांब, वर कमान, मध्ये नावाची पट्टी, एवढं तुमच्या डोळ्यांत राहिलं. तुम्ही ठरवलंत की असं गेट केकवर उभं करायचं. पहिलं लोण्याचं केलंत, एप्रिलात, ज्यांचं ते नाव त्यांच्या जयंतीला. परभणी जिल्ह्यातला एप्रिल. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत एक खांब बसला आणि कमान दुसऱ्या खांबाच्या खांद्यावर डोकं टेकून राहिली. पोरांनी ते तसंच खाल्लं.

उपाय तुम्हाला पाथरीत सापडला. आमच्याकडे येताना बाजारात तुम्ही साखरेच्या गाठी टांगलेल्या पाहिल्यात. एवढ्या उन्हात त्या दुकानाबाहेर लोंबत होत्या आणि एकही वितळली नव्हती. तुम्ही आमच्या घरी आलाच नाहीत. दिवसभर त्या हलवायाच्या दुकानात बसून पाक लाकडी साच्यात कसा ओततात ते बघत राहिलात. संध्याकाळी हलवाई म्हणाले, "पाव्हणं, गाठीचं दुकान टाकायलाव का काय?" तुम्ही म्हणालात, "न्हाई, गेट बसवायचंय." त्यांनी विचारलं, घराला का? तुम्ही म्हणालात, "केकाला." त्यानंतर त्यांनी तुम्हाला दुसरा चहा पाजला. बहुतेक काळजीनं.

साचा तुम्ही सुताराकडून दोन फळ्यांचा करून घेतलात. सुतार म्हणाला, पट्टीवर अक्षरं उलटी कोरून देतो, ओतताना नाव आपोआप उमटेल. तुम्ही नको म्हणालात. मी तिथेच होते आणि मला राग आला. एवढं सगळं करायचं ते नावासाठी, आणि नावाचीच जागा कोरी का? घरी येताना मी ते विचारलं. तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात.

"पुसायचं काम मी करतो माय," तुम्ही म्हणालात. "लिवलेलं पुसताना कसं वाटतं ते मला म्हाईत हाय. पुसायची पाळी येणार न्हाई, तवाच लिवायचं. मग मी सोताच्या हातानं लिवीन."

तेव्हापासून घरात तशी रीतच पडली. फाल्गुनात गेट ओतायचं, जयंतीच्या केकवर उभं करायचं, पट्टी कोरी. गल्लीतले लोक विचारायचे, फिटर, नाव राहिलं की. तुम्ही म्हणायचात, राहिलंय खरं. जयंती झाली की गेट डब्यात. मृगाची हवा सुटली की त्याला पाझर फुटायचा, कडा चिकट व्हायच्या. मग तुम्ही ते खलबत्त्यात फोडायचात आणि त्या साखरेचा आपण चहा प्यायचो. पहिला घोट घेऊन तुम्ही म्हणायचात, "पुढच्या साली." मामी म्हणायच्या, "आख्खं विद्यापीठ पेलो आपून आता, चहातच."

नाव कसं लिहायचं हे मात्र ठरलेलं होतं. निळ्या रंगात. निळा काही केल्या मिळत नव्हता. मग मामींनी कुंपणावरची गोकर्णाची फुलं पाण्यात भिजवून दाखवली आणि तुम्ही पोरासारखे नाचलात. ते पाणी अंड्याच्या पांढऱ्यात आणि साखरेत घालून फेसलं. मिश्रण घट्ट यावं म्हणून त्यात लिंबू पिळलंत आणि डोळ्यांदेखत निळ्याचा जांभळा झाला. तुम्ही वाटी धरून कितीतरी वेळ बसलात. लिंबाशिवाय ते घट्ट करायला तुम्हाला पुढचा उन्हाळा लागला. मग रविवारी ताट पालथं घालून त्याच्या पाठीवर अक्षरं गिरवायचात. लिहून झालं की मला विचारायचात, वेलांटी बरी आली का. मी हो म्हणाले की बोटानं सगळं निपटून घ्यायचात. ताटावर तुम्ही ते नाव किती वेळा लिहिलंत आणि पुसलंत. ते पुसणं तुम्हाला चालत होतं.

यंदा जूनमध्ये मी बी. ए. झाले. तुम्ही डेपोत पेढे वाटलेत, केक नाही. संध्याकाळी मला बाहेर बाजेवर बसवून म्हणालात, पदवीच्या सर्टिफिकेटचा अर्ज आत्ता करू नको, थांब. मला वाटलं पैशाची अडचण असेल. तसं नव्हतं.

"यंदा वारं बरं दिसायलंय. नाव येईल. तुझ्या सर्टिफिकेटावर ते नाव असल. आपल्या घरातला पहिला कागद, त्यावर दुसरं कशाला?"

मी नाही म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले, पण नाही म्हणाले. मी म्हटलं, पंधरा वर्षं झाली मामा. मी पहिलीत होते, आज बी. ए. झाले. दर वर्षी कोणीतरी तुम्हाला सांगतं, यंदा वारं बरं आहे. मला एम. ए. करायचं आहे, नोकरीचे अर्ज करायचे आहेत, मला कागद लागणार. आणि ते नाव येणार नाही. हे सगळं मी एका दमात बोलले. तुम्ही बाजेची सुतळी ओढून घट्ट करत होतात. "तुझा कागद हाय, तू ठरव," एवढंच म्हणालात. रागावलाही नाहीत.

मी अर्ज केला. त्याचा मला पश्चात्ताप नाही, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते. पण त्याच आठवड्यात मृगाची हवा सुटली, आणि तुम्ही गेट फोडलं नाही. बाजारातून चुनकळी आणलीत, फडक्यात बांधून डब्याच्या तळाशी ठेवलीत, वर गेट. चुना ओल ओढून घेतो, साखरेला पाझरू देत नाही. पावसाळाभर तुम्ही दर काही दिवसांनी डबा उघडायचात, पीठ झालेला चुना काढायचात, नवा ठेवायचात. मला दाखवून नाही. माझ्यापासून लपवूनही नाही.

ऑक्टोबरात माझी पदवी आली. जुन्या नावाची. तुम्ही हात पुसून ती दोन्ही हातांनी धरलीत आणि वरपासून खालपर्यंत वाचलीत. विद्यापीठाचं नाव होतं त्या ओळीवर तुम्ही थोडे थांबलात. मग म्हणालात, "चांगला कागद हाय." आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी सीताफळाचा केक केलात. या वेळी गर पिठात घातलाच नाही. साधा केक भाजून, आडवा कापून, थंड झाल्यावर मधल्या थरात कच्चा गर साईत कालवून भरलात. कडू नव्हता. इतक्या वर्षांनी तुम्हाला कळलं होतं की त्याला आच लावायचीच नाही. मामी दुसरा तुकडा घेत म्हणाल्या, "एवढं सोपं होतं तर इतकी सालं कामून कडू चारलं ओ आमाला?" तुम्ही हसलात. मी विचारलं, आज गेट नाही का लावायचं? तुम्ही म्हणालात, "त्याची येळ न्हाई." केक खरोखर सुंदर होता. ते तरी मी म्हणाले होते ना? मला आठवत नाही.

मग कावीळ. एम. ए.च्या वर्गांसाठी मी परभणीला होते, तिथे निरोप आला आणि मी वर्ग टाकून आले, तेव्हा तुमचे डोळे पिवळे झाले होते. मला बघून तुम्ही म्हणालात, "पापडखार जास्त झाला माय." मी हसले, मामी हसल्या नाहीत. तेल बंद, तूप बंद. तुम्ही उसाचा रस पीत पडून राहायचात आणि छताकडे बघत अक्षरं काढल्यासारखं बोट हलवायचात. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला जवळ बसवलंत.

"डबा बघितलीस का?"

मी बघितला होता. गेट चांगलं आहे म्हणाले.

"चुना बदल. अन् जरा हात बसव अक्षरावर. तुझं अक्षर माझ्यापरीस चांगलं हाय."

मी म्हणाले, तुम्हीच लिहा बरे होऊन. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. तुम्हाला माझ्याकडून काय ऐकायचं होतं ते मला कळलं होतं, मामा. "येईल" एवढा एक शब्द. मला तो खोटा म्हणायचा नव्हता आणि खरा म्हणता येत नव्हता. तुम्ही डोळे मिटलेत. झोपलात असं समजून मी उठले. तुम्ही तेव्हा जागे होतात का, हे मी मनात पुन्हा पुन्हा विचारते.

आपल्या वादात मी जिंकले आहे. तुम्ही गेलात, नाव आलेलं नाही, कागदावर जुनंच आहे. एवढं सरळ माझ्या बाजूनं कधी काही झालं नव्हतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, थांब की जरा. पण तुम्ही म्हणायला नाही, आणि मला एकटीला हा वाद दोन्ही बाजूंनी घालता येत नाही.

हेड मेकॅनिक परवा आले होते. मामींना ते मनापासून बोलले. फिटरसारखा माणूस डेपोत पुन्हा होणार नाही म्हणाले, रुमाल काढून डोळेही पुसले. ते खोटं नव्हतं, मी जवळून पाहिलं. मग मामींनी चहा आणला. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चहा सोडलाय मी हल्ली." मामी कप घेऊन आत गेल्या. तुम्ही म्हणायचात उपास कधी ना कधी सुटतो. मी दारात उभी होते आणि तुमच्यासाठी मला फार वाईट वाटलं. माझ्यासाठी नाही. मी ते धरूनच चालले होते.

तुमचे आभार मानायचे होते, तेही राहिलं. दोन खोल्यांत माझ्या अभ्यासाला एक कोपरा आणि तुमच्या केकला एक, आणि मामींना उरलेलं घर, असं ते होतं. परीक्षेच्या दिवसांत मला वास येऊन भूक लागू नये म्हणून तुम्ही पातेलं बाहेर अंगणात नेऊन भाजायचात, आणि वाऱ्यानं आच बिघडली की केक एका अंगाला कलायचा. ते कललेले केक तुम्ही स्वतः खायचात. मी इतिहासाचं वाचत असायचे आणि खिडकीतून तुमची पाठ दिसायची, निखाऱ्यांजवळ बसलेली, न हलणारी. मला शिकवलं कोणी असं कोणी विचारलं तर मला ती पाठ आठवेल.

काल मी गोकर्णाची फुलं भिजवून निळा केला, लिंबाशिवाय. ताट पालथं घातलं. तुमचा पितळी तुकडा लावलेली पिशवी हातात घेतली. पहिलंच अक्षर पसरलं. दुसरं इतकं वेडंवाकडं आलं की वाचता येईना. माझं अक्षर चांगलं आहे ते पेननं. या पिशवीतून किती दाबायचं, कुठे सोडायचं, ते माझ्या हाताला येत नाही. पाकाची तार मला कळत नाही. साचा मामींनी फडताळावर ठेवला आहे, फाल्गुनात त्यात कोण ओतणार? तेव्हा हे शेवटचंच गेट आहे.

आज सकाळी डबा उघडला. पावसाळा काढूनही गेट जसंच्या तसं होतं, फक्त एका खांबाची कड जरा झिजलेली. पट्टी गुळगुळीत. मामी मागून येऊन बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "फोडायचं का गं? माणसं येतीच हायेत, चहाला साखर लागतीच. त्यांनी बी फोडलंच असतं."

मी म्हणाले, नको.

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, कारण नाव येणार नाही, हे माझं मत अजून तेच आहे. हिवाळ्यात चुन्याची गरज पडत नाही, हवा कोरडी असते, हेही मला तुमच्याकडूनच माहीत आहे. तरी दुपारी बाजारात गेले होते तेव्हा मी चुनकळी घेऊन आले. आधीची विरून पीठ झाली होती. ती काढून टाकली, डबा कोरड्या फडक्यानं पुसला, नवी बांधून तळाशी ठेवली, वर गेट ठेवलं आणि झाकण लावलं.